नऊ आकृत्या, एक रिकामी ओळ

सकाळी ६.४५

पहिलं काम वजनकाट्याचं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून पाच-पाच किलोची प्रमाणित वजनं मागून आणलेली असतात. एक ठेवायचं, आकडा बघायचा. मग दुसरं, मग चारही. काटा सपाट जागी आहे ना हेही बघावं लागतं, कारण आमच्या जुन्या इमारतीतल्या शहाबादी फरश्या दोन खोल्यांत सारख्या नाहीत. खाली प्लायवुडचा तुकडा, त्यावर काटा, आणि काट्याचं तोंड भिंतीकडे. वर उभं राहणाऱ्याला आकडा दिसता कामा नये.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या मनात स्वतःच्या शरीराचं जे चित्र असतं, त्याचा त्यांना किती त्रास होतो हे मोजण्याचं काम सध्या चालू आहे. पुस्तकात याला शरीरप्रतिमा म्हणतात, मुलं बॉडी इमेज म्हणतात. काम कळल्यावर बहुतेकांना वाटतं की आम्ही मुलांची वजनं करतो. वजन हा यातला सगळ्यांत सोपा भाग आहे, आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा.

ही कल्पना मांडणारा पॉल शिल्डर व्हिएन्नाचा. त्याचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक १९३५चं. पुढं कित्येक वर्षं संशोधकांना वाटत होतं की गडबड नजरेत आहे. १९७३ साली लंडनमध्ये स्लेड आणि रसेल यांनी एका आडव्या दांडीवर सरकते दिवे लावले आणि उपाशी राहून खंगलेल्या रुग्ण मुलींना सांगितलं, तुमची कंबर जितकी रुंद आहे तितके हे दिवे लांब करा. मुलींनी ते बरेच जास्त लांब केले. पुरावा मिळाला असं वाटलं. मग इतरांनी तेच निरोगी बायकांवर करून पाहिलं, तर त्याही स्वतःला रुंदच दाखवू लागल्या. तेव्हापासून प्रश्न बदलला. डोळ्यांना काय दिसतं यापेक्षा दिसतं त्याचं माणूस काय करून घेतं, हे विचारायला सुरुवात झाली. त्यासाठी दिवे लागत नाहीत, कागद लागतो.

सकाळी ७.३०

कागद म्हणजे आमची पुस्तिका. तिच्यात चार प्रश्नावल्या आहेत. टॉमस कॅश आणि सहकाऱ्यांची २००४ची सात प्रश्नांची. कूपर, फेअरबर्न यांची १९८७ची चौतीस प्रश्नांची. मॅक्रिअरी आणि सॅसे यांची २०००ची, पिळदार शरीराच्या ओढीबद्दलची, पंधरा प्रश्नांची. आणि टिल्का यांची २०१५ची, स्वतःच्या शरीराबद्दल आपुलकी किती हे पाहणारी, दहा प्रश्नांची. एकूण सहासष्ट. सदुसष्टावा आमचा: ‘या प्रश्नाला कृपया दुसऱ्या पर्यायावर खूण करा.’ कोण न वाचता खुणा करत सुटलंय ते त्यावरून कळतं. शिवाय चित्रांचं पान.

मराठी करताना नेहमीची पद्धत वापरली. दोघांनी मराठीत आणलं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं परत इंग्रजीत नेलं, आणि फरक कुठे पडतो ते पाहिलं. ब्रिस्लिननं १९७०मध्ये सांगून ठेवलेली वाट आहे, ती चालायला कंटाळवाणी आहे आणि दुसरी नाही.

पुस्तिकांचे दोन गठ्ठे करतो. अर्ध्यांत चित्रं आधी, अर्ध्यांत शेवटी. चौतीस वेळा ‘जाड वाटलं का’ असं विचारून झाल्यावर चित्रांकडे पाहणारी मुलगी वेगळं चित्र निवडू शकते. प्रश्नच उत्तराला ढकलतो. ही शंका मला या कामात सगळीकडे येते आणि ती गेली तर बहुधा मी काम सोडावं.

सकाळी ८.१०

कॉमर्सचं दुसरं वर्ष. पहिलं वर्ष आम्ही मुद्दाम घेत नाही. तिथे बऱ्याच मुलांना अठरा पूर्ण नसतात. मग पालकांची संमती लागते, आणि ‘आपल्या मुलीला तिच्या शरीराबद्दल काही प्रश्न विचारायचे आहेत’ असं पत्र घरी गेलं की काय गोंधळ होईल ते ज्यानं त्यानं कल्पनेनं पाहावं.

वर्गशिक्षकांना बाहेर पाठवणं हे सगळ्यांत नाजूक काम. “मी मागे बसतो ना शांतपणे,” असं प्रत्येक जण म्हणतो. चालत नाही. ज्या सरांच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्यांच्यासमोर ‘नको’ म्हणायचा हक्क मुलांना उरत नाही. सरांना चहाला पाठवलं.

“मॅम, हजेरी लागणार का?”

“लागणार. भरलंस तरी, कोरं दिलंस तरी.”

हे वाक्य मोठ्यानं दोनदा म्हणते. संमतीपत्रात छापलेलं असतंच, पण छापलेलं कोण वाचतं. पुस्तिकेवर नाव लिहायचं नाही. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, आपल्या जन्मतारखेचा दिवस आणि मोबाईलचे शेवटचे दोन आकडे, एवढाच संकेत. दोन आठवड्यांनी हीच पुस्तिका पुन्हा भरून घ्यायची आहे, तेव्हा हा संकेत लागेल. एकच माणूस दोन्ही वेळा साधारण तेच सांगतो का, हे न पाहता विश्वसनीयतेची भाषा करू नये.

बाकावर एकाआड एक. मैत्रिणींच्या जोड्या फोडल्या की नाराजी दिसते, पण शेजारणीनं कुठे खूण केली हे दिसत असताना कोणीही खरं लिहीत नाही. मागच्या बाकांवर खसखस पिकते ती पिळदार शरीराच्या प्रश्नांपाशी. “मॅम, सत्तू प्यालेलं प्रोटीन शेकमध्ये धरायचं का?” प्रश्न हसण्यावारी विचारला होता, पण रास्त होता. धर म्हटलं. मूळ प्रश्नावली कॅनडातल्या पोरांसाठी केलेली, तिच्या डोळ्यांपुढं सत्तू असण्याचं कारण नाही.

अर्ध्या तासात वर्ग शांत होत जातो. या शांततेचा मला दरवेळी थोडा धाक वाटतो.

सकाळी ९.२०

आता वजन आणि उंची. पुस्तिका आधी, काटा नंतर, हा क्रम कधीच उलटायचा नाही. काट्यावरून उतरलेल्या माणसाची उत्तरं म्हणजे काट्यानं दिलेली उत्तरं.

मुलींच्या खोलीत माझी सोलापूरची संशोधक विद्यार्थिनी, मुलांकडे नांदेडचा. एका वेळी एकच जण आत, दार लोटलेलं. शाळेत सगळ्यांसमोर वजन घेऊन गुरुजी आकडा ओरडून सांगायचे आणि दुसरे वहीत लिहायचे, ती पद्धत अजून अनेकांच्या अंगावर काटा आणते. आत आल्या आल्या आठवणी निघतात. सोलापूरची त्या ऐकते, लिहीत नाही. त्यांची संमती घेतलेली नाही.

पादत्राणं बाहेर, पट्टा, किल्ल्या, फोन टेबलावर. उंची घेताना टाचा भिंतीला, कानाचं छिद्र आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत. डोक्यावर उंच बांधलेला अंबाडा असेल तर सोडायला सांगावा लागतो आणि काही मुली त्याला कुरकुरतात. काट्यावर उभं राहिल्यावर आमचा एकच प्रश्न: “आकडा हवाय का?” ‘नको’ म्हणणाऱ्यांना तो सांगायचा नाही, चेहऱ्यावरूनही नाही. सोलापूरचीनं यासाठी एक कोरा चेहरा कमावलाय. पत्त्यांच्या डावात तिच्यासमोर बसू नये.

मग हे वजन घ्यायचंच कशाला? कारण लोक स्वतः सांगतात तेव्हा उंची थोडी वाढवतात, वजन थोडं उतरवतात. आणि कारण मनातलं चित्र आणि अंगाचा आकार यांचा मेळ किती कमी बसतो हे दाखवायला दोन्ही हाताशी लागतात.

वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय. गणित बेल्जियमच्या केतलेचं, एकोणिसाव्या शतकातलं. हे नाव अॅन्सेल कीझनं १९७२मध्ये दिलं. जगभर २५च्या पुढे वजन जास्त धरतात, भारतीयांसाठी २३च्या पुढे. त्याचं कारण शोधायला पुणेकराला फार लांब जावं लागत नाही. इथल्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, मध्यभागी साठा. आपल्याकडच्या किती घरांतले काका या वर्णनात बसतात.

हा फोटो मी व्याख्यानात दाखवते तेव्हा मुलं हसतात आणि मग आपापल्या पोटाकडे बघतात. डॉक्टरांच्या दृष्टीनं तो इशारा आहे. माझ्या कामात त्याची दुसरी अडचण होते, ती अकरानंतर येईल.

सकाळी १०.४५

चहा. कॅन्टीनमध्ये उपवासाचे पदार्थ लावलेले दिसले की माझ्या मनात आधी तारीख येते. चौतीस प्रश्नांची ती प्रश्नावली मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते. त्या चार आठवड्यांत नवरात्राचे नऊ दिवस आले, किंवा गॅदरिंग आणि साडी डे आला, तर उत्तरांत ते उतरणारच. म्हणून सण, परीक्षा आणि गॅदरिंग टाळून वर्ग मागावे लागतात. आमच्या शैक्षणिक वर्षात अशी रिकामी फट शोधणं हेच अर्धं संशोधन आहे.

सकाळी ११.१५

दिवसातला माझा आवडता भाग. आज काही मुलांशी एकेकट्यानं बोलायचं. त्यांनी पुस्तिका भरायची आणि भरताना मनात जे येईल ते बोलत जायचं. मी मध्ये बोलत नाही. प्रश्न त्यांना काय वाटला आणि मला काय अभिप्रेत होता, यातलं अंतर असंच कळतं.

चित्रांचं पान पहिल्यांदा. स्टंकार्ड, सोरेन्सन आणि शुल्सिंगर यांनी १९८३मध्ये वापरलेल्या या आकृत्या: नऊ पुरुष, नऊ बायका, एकपासून नऊपर्यंत, अगदी किडकिडीत ते अगदी स्थूल. त्या आल्या मात्र वेगळ्याच कामातून. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्यांचं शरीर जन्मदात्यांसारखं होतं की पाळणाऱ्यांसारखं, हे शोधायचं होतं. आईवडिलांना मोजायला जाणं शक्य नव्हतं, तेव्हा ‘त्यांच्यासारखं यातलं कोण’ असं विचारायला चित्रं काढली. स्वतःवर नाराज असलेल्यांना मोजायची ही पट्टी आधी दुसऱ्यांना ओळखण्यासाठी होती.

आम्ही विचारतो: आत्ता तू यातली कोणती? आणि तुला कोणती व्हायला आवडेल?

पहिली मुलगी बराच वेळ पान न्याहाळत बसली. “मॅम, मी यात नाहीये.”

“म्हणजे?”

“माझे हात दोन नंबरचे आहेत आणि खालचं सगळं सहाचं. हिचं बघा ना, सगळं एकसारखं वाढत जातं.”

याज्ञिकांचा फोटो मला अडतो तो इथे. नऊ आकृत्यांत शरीर सगळीकडून सारखं फुगत जातं, आणि आमच्यासमोर बसलेली शरीरं तशी नाहीत. तिनं शेवटी चारवर खूण केली. सरासरी काढून दिली तिनं मला, तीही न सांगता. माझ्या तक्त्यात हा चार आणि दुसऱ्या कोणाचा खराखुरा चार शेजारी शेजारी बसणार.

दुसरी सांगलीकडची. तिच्या चौतीस प्रश्नांत सगळीकडे ‘कधीच नाही’, ‘क्वचित’. जाडीची काळजी शून्य. मी पानं उलटली असती आणि ‘त्रास नाही’ असं लिहून मोकळी झाले असते. पण कॅशच्या प्रश्नावलीत एक सोय आहे, आणि म्हणून ती मी हट्टानं पहिली ठेवली आहे. आपल्या रूपातल्या एखाद्या भागाची काळजी वाटते का, हे विचारून झालं की ती पुढं रिकामी ओळ ठेवते: कोणती, ते लिहा. हिनं लिहिलं होतं, ‘रंग’. पुढच्या सहा प्रश्नांत डोक्यातून विषय जात नाही, फोटोत उभी राहत नाही, मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाही, हे सगळं वरच्या टोकाला.

पाश्चात्त्य प्रश्नावल्या मुख्यतः चरबीभोवती फिरतात, कारण त्या उपासमारीच्या आणि खाण्याच्या विकारांतून जन्मल्या. आपल्याकडच्या घरात रंगाची पट्टी आधीपासून टांगलेली असते. लग्नाच्या बायोडाट्यात पाहा: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ही चोख क्रमवार श्रेणी आहे, आणि कुठल्याही नीतिसमितीनं तिला परवानगी दिलेली नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं नाव २०२०मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. बायोडाट्यातला रकाना आहे तिथेच आहे.

तिसरा मुलगा धाराशिवकडचा, कॉलेज करता करता पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे मैदान, मग वर्ग, संध्याकाळी अभ्यासिका. त्याच्या रिकाम्या ओळीत होतं: ‘उंची आणि छाती’. दिवसातून किती वेळा विचार येतो? सतत. कामावर परिणाम होतो? होतो. लोकांत जाणं टाळतो? टाळतो, गावाकडे सगळे विचारतात म्हणून. गुण मोजले तर तो सांगलीच्या मुलीच्याही वर जातो.

पण थांबा. शिपाई भरतीत पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची लागते. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर निदान पाच सेंटिमीटर वाढ. हा मुलगा त्या रेषेला टेकून उभा आहे. सकाळी माणूस जरा उंच असतो आणि दिवसभरात मणके दबून किंचित उतरतो, हे त्याला माझ्याहून आधी माहीत होतं. त्यानं विचारलं, “मॅम, तुमच्या मशीनवर सकाळी लवकर येऊन मोजू का?”

प्रश्नावली याला अस्वस्थता म्हणेल. मी काय म्हणू? आपल्या शरीराबद्दल त्याच्या मनात कुठलंही खोटं चित्र नाही. सरकारी पट्टीनं त्याची नोकरी ठरणार आहे आणि तो त्याच पट्टीनं स्वतःकडे पाहतो. गुणांची बेरीज सांगलीची मुलगी आणि हा मुलगा यांना एकाच रकान्यात टाकते. एकीला बोलण्याची गरज आहे, दुसऱ्याला अर्ध्या सेंटिमीटरची. कॅशच्या प्रश्नावलीचं मूळ कॅथरिन फिलिप्स यांच्या कामात आहे, आणि फिलिप्स मानसोपचारतज्ज्ञ. रूपातला नसलेला किंवा नगण्य दोष ज्यांना छळतो अशा रुग्णांवर त्यांनी काम केलं. दोष खरा आहे की नाही हे समोर बसलेल्या डॉक्टरांना पाहता येतं. कागदाला दिसत नाही.

म्हणून आता प्रत्येक पुस्तिकेतली ती ओळ स्वतः वाचायची, आणि कारण भरतीचं असेल तर वेगळा संकेतांक द्यायचा, असं आम्ही ठरवलं आहे. यंत्रावर गुण मोजणारे म्हणतात, मोकळी उत्तरं काढून टाका, विश्लेषणाला जड जातात. माझ्या मते काढायचंच असेल तर बाकीचं काढा.

दुपारी १.३०

डबा. स्टाफरूममध्ये पहिलं वाक्य: “काय मॅडम, तब्येत सुधारलेली दिसतेय!” दुसरं वाक्य, त्याच तोंडून: “तुमचं ते बॉडी इमेजचं कसं चाललंय?” पोळीभाजी संपवली.

दुपारी २.३०

संख्याशास्त्राच्या सरांकडे. हे निवृत्त झाले तरी दुपारी येऊन बसतात. आम्हां सगळ्यांच्या वजाबाक्या त्यांच्याच टेबलावर तपासल्या जातात. आज चित्रांचं गणित.

साधी रीत अशी: आत्ताच्या आकृतीतून हवीशी आकृती वजा करायची. पाचची मुलगी, हवी तीन, उत्तर दोन. जितका फरक मोठा तितकी नाराजी मोठी. फॅलन आणि रोझिन यांनी १९८५मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ४७५ विद्यार्थ्यांवर हेच केलं. मुलींची आत्ताची आकृती हवीशा आकृतीहून जाड निघाली. पुरुषांना कशा मुली आवडतात याचा मुलींनी केलेला अंदाजही पुरुषांच्या खऱ्या उत्तराहून बारीक होता. आणि मुलांच्या बाबतीत तिन्ही आकडे जवळजवळ एकच. निष्कर्ष निघाला की मुलगे स्वतःवर खूश आहेत.

सरांनी वही पुढे ओढली. “समजा, चारजण आहेत. दोघे सहाचे, त्यांना चार व्हायचंय. दोघे दोनचे, त्यांनाही चारच व्हायचंय. सरासरी काढा.”

आत्ताची सरासरी चार. हवीशी सरासरी चार. फरक शून्य.

“चौघेही नाखूश, आणि तुमचा वर्ग शंभर टक्के समाधानी,” सर म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

अधिक दोन आणि उणे दोन एकमेकांना खाऊन टाकतात. ड्रेव्नोव्स्की आणि यी यांनी १९८७मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरळ विचारलं, तेव्हा ८५ टक्के मुलींना वजन कमी करायचं होतं. मुलांत ४० टक्क्यांना कमी करायचं होतं आणि ४५ टक्क्यांना वाढवायचं होतं. म्हणजे नाराजी मुलांतही तितकीच होती, फक्त तिच्या दिशा दोन होत्या. ही गोष्ट माहीत होऊन इतकी वर्षं झाली, तरी नुसती सरासरी छापून ‘मुलांत समस्या आढळली नाही’ म्हणणारे प्रबंध अजून माझ्याकडे तपासायला येतात. आम्ही दोन रकाने करतो: एकात चिन्हासकट फरक, दुसऱ्यात चिन्ह पुसून. पहिला दिशा सांगतो, दुसरा आच.

चित्रांत आणखी एक खोट उरतेच. आठवड्यातून सहा दिवस जिममध्ये घाम गाळणारा मुलगा पाचवर खूण करतो आणि हवी म्हणून सहावर. चित्रात सहा म्हणजे चरबी. त्याला हवेत दंड. नऊ आकृत्यांत स्नायू कुठेच काढलेले नाहीत, म्हणून ती पंधरा प्रश्नांची पुरवणी. एका पट्टीवर भागत नाही ते यामुळे.

उरलेला वेळ नोंदी. कोणाच्या सगळ्या खुणा एकाच उभ्या रेषेत, कोण सदुसष्टाव्या प्रश्नात सापडला, कोणी एक पान उलटायचंच विसरलं. नांदेडचा मोठ्यानं आकडे वाचतो, सोलापूरची टंकते, मग अदलाबदल करून पुन्हा. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी ४.१०

दारात सकाळच्या वर्गातली एक मुलगी. “मॅम, आत येऊ? मला किती मार्क पडले?”

हा प्रश्न रोज येतो आणि रोज त्याची पूर्वतयारी अपुरी पडते. पुस्तिकेवर नाव नाही, तिनं आपला संकेत सांगितला तर मी शोधू शकते. चौतीस प्रश्नांची बेरीज कमीत कमी ३४, जास्तीत जास्त २०४. तिला आकडा सांगितला तर ती तो घेऊन घरी जाईल, गुगल करेल आणि स्वतःला काहीतरी ठरवून टाकेल. ही प्रश्नावली निदान करत नाही. हजारभर लोकांच्या गर्दीत त्रास कुठे दाटलाय हे ती दाखवते, एकट्या माणसाबद्दल ती फार कच्ची साक्षीदार आहे.

पण “हे मार्कांचं नसतं गं” म्हणून दार लावणं हाही पळपुटेपणा. मी विचारलं, “तुला काय वाटतं, किती पडले असतील?”

“खूप.”

“का?”

मग ती बोलली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. मी बऱ्याच वेळानं तिला तळमजल्यावर समुपदेशक मॅडमच्या खोलीपर्यंत नेलं, आत सोडलं आणि परत आले. आमच्याकडे पूर्ण वेळ समुपदेशक आहेत, रिकामी दुसरी खुर्ची आहे आणि दार आतून बंद होतं. या तीन गोष्टी नसत्या तर सकाळी ८.१०ला मी त्या वर्गात पाऊल टाकलं नसतं.

नावाविना माहिती गोळा करण्याची किंमत इथे चुकवावी लागते. सकाळच्या गठ्ठ्यात आणखी कोणाचे गुण टोकाला गेले असतील तर ती व्यक्ती कोण, हे मला कळत नाही. नाव लिहून घेतलं असतं तर कळलं असतं, पण मग तिनं खरं लिहिलं नसतं. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी फाडून न्यायची एक पट्टी असते: समुपदेशकांच्या वेळा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक. ती सगळ्यांना मिळते. जास्त गुणवाल्यांनाच दिली तर हातात पट्टी दिसणं हेच निदान व्हायचं.

संध्याकाळी ५.३०

संमतीपत्रं एका कपाटात, पुस्तिका दुसऱ्यात, किल्ल्या वेगळ्या. संमतीपत्रावर नाव असतं, पुस्तिकेवर नसतं. दोन्ही एकत्र ठेवली तर संकेताचा उपयोग संपला. प्रमाणित वजनं प्रयोगशाळेत परत. शिपायाची सही घ्यायची, नाहीतर उद्या वजनं मिळत नाहीत.

संध्याकाळी ६.१५

बसमध्ये फोन. दुसऱ्या एका कॉलेजमधल्या ओळखीच्या प्राध्यापकांचा.

“मॅडम, तुमची ती बॉडी इमेजची प्रश्नावली पाठवा ना. नॅकची टीम यायचीय, फाइलला एक विद्यार्थी-आरोग्याचा सर्व्हे हवाय. गुगल फॉर्म करून टाकतो, रविवारपर्यंत पाचशे रिस्पॉन्स होतील.”

“मूळ लेखकांची परवानगी लागेल.”

“ते बघू हो.”

“नीतिसमिती?”

“आपल्याच मुलांना विचारायला कशाला?”

“समुपदेशक आहेत का तुमच्याकडे?”

“जाहिरात द्यायचीय. प्रस्ताव गेलाय.”

चौतीस वेळा एखाद्या मुलीला तिच्या शरीराबद्दल विचारायचं, रात्री अकरा वाजता, मोबाईलवर, एकटीला, आणि ‘सबमिट’ नंतर ‘धन्यवाद’ असा पडदा दाखवायचा. पाचशे उत्तरं नक्की येतील. त्यातल्या रिकाम्या ओळी कोणी वाचणार नाही, कारण फाइलला लागतो तो पाय-चार्ट.

मी प्रश्नावली पाठवली नाही. तुमच्याही कॉलेजात कोणी असा फॉर्म फिरवत असेल, तर प्राध्यापक असा, पालक असा की विद्यार्थी, भरण्याआधी एवढं विचारा: उत्तर वाचून कोण भेटणार आहे, कुठल्या खोलीत, किती वाजता. सांगता आलं नाही तर फॉर्म भरू नका. समुपदेशकाची जागा भरेपर्यंत ही प्रश्नावली कुठल्याही कॉलेजनं वाटू नये.